नॉर्डिक देशांत उन्हाळी ट्रेक: राष्ट्रीय उद्यान निवडताना करायची तयारी
आधी तारीख ठरवा, उद्यान त्यानंतर. जूनमध्ये सह्याद्री हिरवा होऊ लागतो, तेव्हा स्वीडन-नॉर्वेच्या उत्तरेकडच्या खिंडींत बर्फ अजून वितळत असतो. वरचा थर घट्ट दिसतो, खालून पाणी वाहत असतं आणि पाय मांडीपर्यंत आत जातो. त्यामुळे उंचावरच्या वाटांसाठी जुलैच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंतचाच काळ धरा. जुलैत उजेड भरपूर, पण डासही तेव्हाच सर्वाधिक; डोक्यावरून ओढायची जाळी हवीच. ऑगस्टच्या उत्तरार्धात डास ओसरतात, रात्री मात्र पारा शून्याजवळ जाऊ शकतो. रजा पुढेमागे करता येत असेल तर आमची पसंती याच पंधरवड्याला.

मग पुलांची आणि मुक्कामाची चौकशी करा. स्वीडनमधल्या सारेकचे फोटो पाहून भुलू नका. तिथे मुक्कामाच्या झोपड्या नाहीत, आखलेल्या वाटा जवळपास नाहीत, पूल मोजके. हिमनदीचं पाणी दुधासारखं गढूळ असतं, तळ दिसत नाही. दिवसभराच्या उन्हाने बर्फ वितळतो आणि दुपारनंतर नदी चढते, म्हणून ती भल्या सकाळीच ओलांडायची असते. उतरण्याआधी सॅकचा कमरेचा पट्टा सोडायचा. तोल गेला तर सॅक टाकून देता आली पाहिजे. हे सवयीचं नसेल तर सारेक पहिल्या खेपेला नकोच.

पहिल्या खेपेला आबिस्को घ्या. १९०९ सालचं हे उद्यान पर्जन्यछायेत असल्याने आसपासच्या डोंगरांपेक्षा पाऊस कमी, आणि स्टॉकहोमहून रात्रीची रेल्वे थेट दारात सोडते. इथून निघणाऱ्या कुंग्सलेडेन वाटेने निक्कालुओक्तापर्यंत सुमारे १०५ किमी होतात. सात दिवसांत आरामात जमतं. आबिस्कोयाउरे, आलेस्याउरे, शेक्त्या, सेल्का, सिंगी आणि केबनेकाइसे असे मुक्काम. उद्यानाची हद्द साधारण पहिल्या दिवसातच संपते, आणि त्या हद्दीत तंबू ठरवून दिलेल्या जागीच लावायचा असतो. झोपड्यांत पांघरूण मिळतं, चादर आपली न्यायची. वीज नसते, पाणी ओढ्यावरून आणायचं, लाकडं फोडायची आणि निघताना पुढच्यासाठी ती भरून ठेवायची. शिधा प्रत्येक ठिकाणी विकत मिळत नाही, शेक्त्या आणि सिंगीला तर नाहीच, त्यामुळे दोन दिवसांचं जेवण कायम सॅकमध्ये असू द्या.

कमी चढउतार हवा असेल तर फिनलंडचं औलंका बघा. कारहुंकिएरोस ही ८२ किमीची वाट जंगलातून, झुलत्या पुलांवरून जाते. वाटेतल्या खुल्या झोपड्या फुकट असतात आणि रीत अशी, की उशिरा आलेल्याला आधीच्यांनी जागा करून द्यायची. तरीही तंबू जवळ ठेवा. एकाच दिवसाचा दमदार चढ हवा असेल तर नॉर्वेच्या योतुनहाइमेनमधली बेस्सेग्गेन धार. सकाळच्या बोटीने मेमुरुबूला जा आणि चालत येंदेसहाइमला परत या. अरुंद धार चढताना लागते, उतरताना नाही, आणि शेवटची बोट गाठायची धावपळही राहत नाही.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांना मिळून एकच; तो ज्या देशात जास्त रात्री राहणार त्याच देशाकडे मागायचा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्यात गर्दी असते, शेवटच्या महिन्यावर टाकू नका. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. त्यात डोंगरातली सुटका धरलेली आहे का ते वाचून घ्या.

खाण्यात तूप, दूध पावडर, खवा, पनीर आणि मांसाचे पदार्थ भारतातून न्यायला बंदी आहे. ताजा कढीपत्ता, मिरच्याही घरीच ठेवा. मेतकूट, भाजणी, पातळ पोहे बिनधास्त न्या. गॅसचा डबा विमानात चालत नाही. स्टोव्ह न्या आणि पेचाचा डबा तिथे विकत घ्या. रेल्वे पकडण्याआधीच शहरात घेतलेला बरा.

उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र भारतात परवान्याशिवाय बाळगता येत नाही, म्हणून ते तिथेच भाड्याने घ्या. वाटेवर बराच भाग मोबाइलला रेंज नसते, त्यामुळे नकाशा कागदावरचा हवा आणि मुक्कामाच्या वहीत पुढचा टप्पा लिहून निघायचं. रेंज असेल तिथे मदतीसाठी ११२.