आय ट्रॅकिंगवर प्रोजेक्ट करायचाय? मग हीटमॅप जरा बाजूला ठेवा

आय ट्रॅकिंग, म्हणजे नजर कुठे जाते ते मोजणं, म्हटलं की सगळ्यांना तो लाल-पिवळा हीटमॅपच (जिथे जास्त बघितलं तिथे जास्त लाल) आठवतो, आणि खरं सांगायचं तर मीपण त्याच्याच नादाने या विषयात आलो. एचसीआयमध्ये (माणूस कॉम्प्युटर कसा वापरतो याचा अभ्यास) मास्टर्स करत होतो, लॅबमध्ये स्क्रीनखाली लावायचा ट्रॅकर पडून होता, म्हटलं लोक मराठी ऑनलाइन फॉर्म कसे भरतात ते बघूया. आता ज्युनियर मुलं विचारत असतात की यात पडावं का आणि सुरुवात कुठून करावी, त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितोय.

आधी मशीन काय करतं ते नीट समजून घ्या. ट्रॅकर डोळ्यांवर इन्फ्रारेड प्रकाश टाकतो, बुबुळावर त्याचा चमकणारा ठिपका पडतो, आणि त्या ठिपक्यापासून बाहुलीचा मध्य कुठे आहे यावरून स्क्रीनवर नजर कुठे आहे याचा हिशोब लावतो. आपली नजर सलग सरकत नाही, उड्या मारते. थांबते ते फिक्सेशन, वाचताना साधारण २०० ते ३०० मिलिसेकंदांचं, आणि मधली उडी म्हणजे सॅकेड, त्या उडीत आपल्याला जवळपास काहीच दिसत नसतं. आणि स्पष्ट दिसतं तेही नजरेच्या कोनात मोजलं तर फक्त २ अंशांच्या आसपास, म्हणजे हात लांब केल्यावर अंगठ्याचं नख दिसतं साधारण तेवढंच.

आता अंश का महत्त्वाचे? ट्रॅकर चांगला असला तरी अर्धा ते एक अंश चूक धरूनच चालायचं. ६५ सेंटीमीटरवर बसलेल्या माणसासाठी अर्धा अंश म्हणजे स्क्रीनवर जवळजवळ अर्धा सेंटीमीटर. म्हणजे दाट टाइप केलेल्या फॉर्ममध्ये माणूस वरची ओळ वाचतोय की खालची हे तुम्ही छातीठोकपणे सांगूच शकत नाही! देवनागरीत तर वर वेलांट्या-मात्रा, खाली उकार, ओळी आधीच गच्च दिसतात. म्हणून चाचणीचं डिझाइन करतानाच ओळींमध्ये आणि फील्डमध्ये भरपूर मोकळी जागा सोडा, नंतर सॉफ्टवेअरमध्ये फारसं सुधारता येत नाही.

कॅलिब्रेशनला, म्हणजे ट्रॅकर प्रत्येकाच्या डोळ्यांशी जुळवून घ्यायला, सगळे कंटाळतात पण खरी मेहनत तिथेच आहे. चष्म्याच्या काचेवरची चमक, खाली आलेल्या पापण्या, मस्कारा, खिडकीतून येणारं ऊन, यातलं काहीही डेटा खराब करू शकतं. पडदे ओढा. चाकांची खुर्ची काढून टाका, माणूस बोलता बोलता हळूच मागे सरकतो आणि आपल्या लक्षातही येत नाही. कॅलिब्रेशन झाल्यावर व्हॅलिडेशनचे (नजर किती चुकते त्या तपासणीचे) आकडे लिहून ठेवा आणि काही जणांचा डेटा फेकावा लागणार हे धरून जास्तीची माणसं बोलवा. संमतीपत्र आणि एथिक्स कमिटीची परवानगी तर लागतेच, त्याला वेळ जातो, लवकर अर्ज करा.

हे तंत्र काही नवीन नाही बरं का. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या आसपास विमान उतरवताना पायलटांच्या डोळ्यांची फिल्म काढून नजर कुठल्या डायलवर जाते ते मोजलं होतं. त्यांचं म्हणणं असं की एखाद्या डायलकडे किती वेळा बघितलं यावरून तो किती महत्त्वाचा ते कळतं, आणि प्रत्येक वेळी किती वेळ बघितलं यावरून तो वाचायला किती अवघड ते. हा फरक मला आजही फार कामाचा वाटतो, कारण हीटमॅपमध्ये दोन्ही एकत्र कालवलं जातं आणि नजर आधी कुठे गेली, मग कुठे, हा क्रम तर पार गायबच होतो.

आणि का बघितलं हे तर ट्रॅकर कधीच सांगत नाही. आमच्या फॉर्ममध्ये अधिवास प्रमाणपत्राच्या फील्डवर एका काकूंची नजर बराच वेळ अडकली होती, कोणीही म्हणेल शब्द जड आहे, बदला. नंतर त्यांना त्यांच्याच नजरेचं रेकॉर्डिंग दाखवून विचारलं तर म्हणाल्या, "शब्द कळला रे, तो कागद कुठल्या कपाटात ठेवलाय ते आठवत होते." म्हणून रिप्ले दाखवून विचारायची पद्धत वापराच. काम चालू असतानाच बोलायला लावलं तर बोलण्याच्या नादात नजर वेगळी फिरते.

त्यामुळे प्रश्न आधी ठरवा, तोही छोटा. "लोक फॉर्म कसा बघतात" हा प्रश्नच नाही. "एरर आल्यावर नजर मेसेजवर किती वेळाने पोचते" हा प्रश्न आहे, त्यासाठी मेसेजभोवती चौकट आखायची आणि पहिल्या फिक्सेशनपर्यंतचा वेळ मोजायचा, बास. अशा कामाला ६० हर्ट्झचा ट्रॅकर चालतो, दर १६-१७ मिलिसेकंदांना एक नोंद मिळते. सॅकेडचा वेग मोजायचा असेल तर मात्र तो पुरत नाही. आणि फिक्सेशन ओळखायच्या फिल्टरचं सेटिंग बदललं की आकडे बदलतात, म्हणून सेटिंग रिपोर्टमध्ये लिहायचंच.

ट्रॅकर मिळत नसेल तर वेबगेझर नावाचं सॉफ्टवेअर साध्या वेबकॅमवर फुकट चालतं, पण त्यावर बटणाबटणातला फरक शोधू नका, स्क्रीनचा कुठला भाग एवढंच बघा. सायकोपाय (असे प्रयोग बनवायचं सॉफ्टवेअर) शिका, थोडं पायथन किंवा आर या प्रोग्रॅमिंगच्या भाषा, आणि स्टॅटिस्टिक्समध्ये मिक्स्ड मॉडेल, कारण एकाच माणसाच्या शेकडो नोंदी असतात, त्या वेगवेगळ्या माणसांच्या असल्यासारख्या मोजता येत नाहीत.

नोकरीचं म्हणाल तर नुसत्या आय ट्रॅकिंगच्या जागा कमीच. यूएक्स रिसर्च (लोकांना वेबसाइट वापरताना काय अडतं याचा शोध), गाड्यांमध्ये ड्रायव्हरचं लक्ष तपासणारी सिस्टिम, व्हीआर हेडसेट, नाहीतर पीएचडी, असे रस्ते आहेत. नजरेने कंट्रोल करण्यात रस असेल तर रॉबर्ट जेकब यांनी १९९० मध्ये मांडलेला मिडास टचचा प्रश्न वाचा, जिकडे बघाल ते क्लिक झालं तर काय करायचं हा. अॅपल व्हिजन प्रो हेडसेटमध्ये नजरेने निवडायचं आणि क्लिकसाठी बोटांची चिमूट, ते याच भानगडीमुळे.

आणि पायलट स्टडी, म्हणजे खऱ्या चाचणीआधीची छोटी रंगीत तालीम, ओळखीच्या तीन-चार जणांवर करा, त्यात एक तरी जाड चष्मेवाला असूदे. तेवढ्याच डेटावर शेवटच्या ग्राफपर्यंत सगळं अॅनालिसिस करून बघा, मगच बाकीच्यांना तारखा द्या.