साइट सुपरवायझरचा पगार कशावर ठरतो आणि तो वाढवावा कसा

बांधकामाच्या साइटवर सुपरवायझर म्हणून नव्याने लागणाऱ्या तरुणाला पुण्यामुंबईकडे साधारणपणे 15 ते 20 हजार रुपये महिना मिळतो आणि तालुक्याच्या गावी त्याहून कमी. सुरुवातीची ही रक्कम तुटपुंजी आहेच. परंतु पाचसहा वर्षे उन्हातान्हात काढूनही अनेकांचा पगार तिच्याच आसपास घुटमळतो, ही अधिक गंभीर बाब आहे. या व्यवसायात पगार केवळ वर्षांच्या हिशेबाने वाढत नाही. कोणते काम ठेकेदार तुमच्या भरवशावर सोडून निर्धास्त राहू शकतो, यावर तो ठरतो. हजेरी लावणे, सिमेंटच्या गोण्या मोजून घेणे आणि बिगाऱ्यांना कामाला लावणे हे जाणता मुकादमही करतो. त्यामुळे तेवढ्यावरच थांबणाऱ्या सुपरवायझरला मुकादमापेक्षा फार जास्त पैसे कोणी देत नाही.

म्हणून पहिले लक्ष मोजमापावर द्यावे. वाळूचा ट्रक आला की चलनावर सही करण्याआधी हौद्याची लांबी, रुंदी आणि मालाची उंची स्वतः टेप लावून घ्यावी. 14 फूट लांब आणि 7 फूट रुंद हौद्यात माल 3 फूट उंच असेल, तर तो 294 घनफूट, म्हणजे 2.94 ब्रास होतो. उंची तीनच इंचांनी कमी भरली, तर तोच माल 2.7 ब्रासच्याही किंचित खाली येतो. चलनावर मात्र दोन्ही वेळा 3 ब्रासच लिहिलेले असते. लोखंडाचेही तसेच आहे. सळईच्या मिलिमीटरमधील व्यासाच्या वर्गाला 162 ने भागले की एका मीटरचे वजन किलोत मिळते, हे सूत्र पाठ असावे. 12 मिलिमीटर व्यासाची 12 मीटर लांब सळई त्यानुसार साधारण 10.67 किलो भरते. वजनकाट्याची पावती आणि मोजलेल्या सळयांचा हिशेब रोज जुळवून वहीत टिपून ठेवणारा माणूस मालकाचे किती पैसे वाचवतो, हे मालकाला दुसऱ्या महिन्यातच कळते, आणि पगारवाढ मागताना ती वही भाषणापेक्षा जास्त उपयोगी पडते.

त्यापुढची पायरी बार बेंडिंग शेड्युल, म्हणजे सळया कापण्या-वाकवण्याचा तक्ता, आणि बिलाची. ड्रॉइंग वाचून प्रत्येक सळईची कापायची लांबी, रिंगांची संख्या आणि एकूण वजन काढता आले, तसेच लेबर कॉन्ट्रॅक्टरचे आरए बिल (झालेल्या कामाचे टप्प्याटप्प्याने दिले जाणारे बिल) साइटवरील मोजमापांशी ताडून पाहता आले, की सुपरवायझर हळूहळू बिलिंग किंवा क्वांटिटीच्या कामाकडे सरकतो. माझ्या मते पगारात खरी उडी मिळते ती इथेच. 30 ते 40 हजारांची बोलणी बहुधा या कामांची सवय असलेल्यांशीच होतात. एक्सेल आणि ऑटोकॅड यांची कामापुरती माहिती त्यासाठी पुरेशी आहे. महागड्या क्लासची गरज नाही.

गुणवत्तेच्या नोंदींकडे मात्र बहुतेक जण दुर्लक्ष करतात. आयएस 456 या काँक्रीट कामाच्या भारतीय मानक संहितेनुसार 31 ते 50 घनमीटर काँक्रीटसाठी किमान चार नमुने घ्यावे लागतात आणि प्रत्येक नमुन्याचे तीन क्यूब (ताकद तपासण्याचे काँक्रीटचे ठोकळे) धरले, तर 40 घनमीटरच्या स्लॅबला बारा क्यूब भरतात. 4.5 मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधील अंतराच्या) स्लॅबखालील टेकू सर्वसाधारणपणे 7 दिवसांआधी आणि त्याहून मोठ्या गाळ्याखालील 14 दिवसांआधी काढू नयेत, हेही त्याच संहितेत आहे. सेंटरिंगवाला साहित्य दुसऱ्या साइटवर न्यायची घाई करतो, तेव्हा तारखेची नोंद दाखवून त्याला थांबवणे हे सुपरवायझरचेच काम असते.

शिक्षणाचा रस्ता बंद झाला असे समजू नये. आयटीआयचा दोन वर्षांचा ड्राफ्ट्समन सिव्हिल अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यांना पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला आणि पदविकाधारकांना पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची सोय आहे. पदविकेनंतर पुरेसा अनुभव घेऊन नियोजन प्राधिकरणाकडून सुपरवायझरचा परवानाही मिळवता येतो, ज्यावर लहान बांधकामांची देखरेख स्वतःच्या सहीने करता येते.

सरकारी नोकरीत सार्वजनिक बांधकाम आणि जलसंपदा विभागांतील स्थापत्य अभियांत्रिकी सहायक हे पद सुपरवायझरच्या कामाला सर्वांत जवळचे आहे. सातव्या वेतन आयोगानुसार त्याची वेतनश्रेणी 25,500 ते 81,100 रुपये असून महागाई भत्ता आणि घरभाडे त्याव्यतिरिक्त मिळते. कनिष्ठ अभियंत्याची श्रेणी 38,600 पासून सुरू होते. जाहिरातीतील पात्र अभ्यासक्रमांची यादी शब्दशः वाचावी, कारण प्रमाणपत्रावरील नाव जुळले नाही तर परीक्षेत चांगले गुण मिळूनही उमेदवार कागदपत्र पडताळणीत बाद होतो.

खासगी नोकरी स्वीकारताना सांगितलेला पगार हातात येणारा आहे की मालकाचा भविष्य निर्वाह निधीचा हिस्साही त्यातच धरलेला आहे, हे आधी विचारावे. हा हिस्सा मालकाचा 12 टक्के आणि कर्मचाऱ्याचा 12 टक्के असा असतो, आणि दोन्ही तुमच्याच रकमेतून गेल्यास 20 हजारांचे प्रत्यक्षात बरेच कमी होतात. साइटवर राहण्याची सोय, मोबाइल व पेट्रोलचा खर्च, रात्रीच्या स्लॅबचा मोबदला आणि पावसाळ्यात काम थंडावल्यावर पगार चालू राहील का, हे मुद्दे तोंडी न ठेवता नेमणूकपत्रात लिहून घ्यावेत. दोन महिन्यांचा पगार थकला, तर ‘पार्टीकडून पेमेंट आले की देतो’ या आश्वासनावर तिसरा महिना काढू नये.

आखाती देशांत फोरमन म्हणून जाणाऱ्यांनी एजंट ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलच्या यादीत नोंदणीकृत असल्याची खात्री करावी. त्याला 30,000 रुपये आणि त्यावरील जीएसटी यांपेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही, आणि दिलेल्या पैशांची पावती घ्यावी. तिथल्या मुलाखतीतही ड्रॉइंग समोर ठेवूनच प्रश्न विचारले जातात. त्यामुळे आधीच्या साइटचे अनुभवपत्र मागताना त्यात नुसते ‘सुपरवायझर’ न लिहिता इमारतीचे मजले, बांधकामाचे क्षेत्रफळ आणि स्वतः हाताळलेली कामे नमूद करून घ्यावीत, आणि हे पत्र शेवटचा पगार हातात पडण्यापूर्वीच, ठेकेदाराशी संबंध चांगले असताना मागावे.