रूमवर दोस्त जमले की पिच्चर कोणता लावायचा

पिच्चर आधीच डाउनलोड करून ठेवा, उन्हाळ्यात आपल्याकडं लाईटचा काही नेम नसतोय, लॅपटॉप फुल चार्ज पाहिजे. चौघं-पाचजण असले तर सरळ १९८८ चा 'अशी ही बनवाबनवी' लावा, सगळ्यांचा बघून झालेला असतो तेच बरंय, एकजण डायलॉग सुरू करतो अन् बाकीचे पुरा करतेत, मधीच मुरमुऱ्याचा सुशीला करायला उठलं तरी काही चुकत नाही. 'देऊळ' (२०११) मात्र बडबड्या ग्रुपला नका सांगू, गावात देव दिसल्यावर धंदा कसा सुरू होतो ते हळूहळू उलगडतं, दोघं-तिघंच असाल तर लई भारी. 'सैराट' झोपायच्या आधी नकोच बाबा. अन् रिमोट एकाच्याच हातात द्या, नाहीतर निवडण्यातच अकरा वाजतेत!