शिकारीतील अपघात आणि लपवाछपवी: थरारकथा कशी रचावी

रानडुक्कर समजून झाडलेला बार सोबत्यालाच लागतो आणि उरलेले सगळे मिळून मृतदेह लपवतात, असे कथानक कोकणात किंवा घाटमाथ्यावर घडवायचे असेल, तर लिहायला बसण्यापूर्वी एका प्रश्नाचे पक्के उत्तर हाताशी असावे: ही माणसे लगेच गावात येऊन खरे का सांगत नाहीत? आपल्याकडे ते उत्तर कायद्यातच सापडते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अशी चोरटी शिकार हा गुन्हा ठरतो, त्यामुळे माणूस कसा गेला हे सांगायचे तर आपण रात्री बंदूक घेऊन रानात कशाला गेलो होतो हेही सांगावे लागते. निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार पाच वर्षांपर्यंत कैद आहे. पुरावा नाहीसा करण्याचे कलम २३८ त्याहून निराळे, आणि पात्रे ते स्वतःच्या हाताने ओढवून घेतात. कथा १ जुलै २०२४ पूर्वीची असेल, तर मात्र जुन्या दंडसंहितेची कलमे ३०४-अ आणि २०१ वापरावीत.

अपघाताचा प्रसंग लांबवू नये, पण तो नेमका असावा. ठासणीच्या बंदुकीत दारू आणि छर्रे गजाने ठासून भरावे लागतात आणि बार उडाला की पांढऱ्या धुराचा लोट समोरचे सगळे झाकून टाकतो. त्या काही क्षणांत बंदूकवाल्याला जनावर पडल्याचा आनंद झालेला असतो, धूर विरतो तेव्हा झुडपापलीकडून माणसाचे कण्हणे ऐकू येते, आणि तो आनंद त्याला पुढे जन्मभर स्वतःला माफ करू देत नाही. माझ्या मते अपराधी भावनेचे बीज गोळीपेक्षा या आनंदात अधिक आहे.

दोषाची वाटणी सारखी करू नये. बार एकाने काढलेला असावा, ‘डुक्कर, डुक्कर!’ असे दुसऱ्याने ओरडलेले असावे, मेलेला स्वतःची जागा सोडून आलेला असावा, आणि लपवण्याचा निर्णय मात्र ज्याचे सर्वांत कमी नुकसान होणार होते त्याने घेतलेला असावा. असे केले की पुढच्या प्रत्येक भांडणाला खरे कारण मिळते.

मृतदेहाचे काय केले याचे तपशील थोडक्यात उरकावेत, कारण वाचकाचा श्वास रोखला जातो तो दुसऱ्या दिवशीच्या साध्या व्यवहारांनी. त्याच रात्री डुक्करही पडले असेल, तर शिकारीच्या वाट्यांचा प्रश्न उभा राहतो. जो परतलाच नाही त्याच्या घरी वाटा पाठवला तर तो सोबत होता हे कबूल होते, पाठवला नाही, तर त्याची बायको विचारते, “भावोजी, सगळ्यांकडे मटण शिजतंय, आमच्याकडे कसं नाही आलं?” हा प्रसंग सावकाश लिहावा. तिला अजून काहीच ठाऊक नाही, ती केवळ हक्काने विचारते आहे, आणि उत्तर देणाऱ्याला तिच्या दारात उभे राहून खोटे बोलावे लागते.

तपास बाहेरून आलेल्या हुशार अधिकाऱ्यावर सोपवण्याची घाई करू नये. पोलीस पाटील गावातलाच, बहुधा कोणाचा तरी चुलता किंवा मेहुणा असतो, आणि संशयास्पद मृत्यूची खबर ठाण्याला देणे हे त्याचे कामच असते. तो पडवीत बसून चहा घेता घेता हरवलेल्या बॅटरीबद्दल विचारतो, तेव्हा नाते आणि कर्तव्य एकाच वाक्यात येतात. कालमर्यादा हवी असेल, तर निवडणुकीची आचारसंहिता जवळ आणावी, म्हणजे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची बंदूक ठाण्यात जमा करण्याचा हुकूम निघू शकतो आणि ती कोणाच्या घरी, कोणत्या अवस्थेत आहे हे सर्वांना एकदम आठवते.

निवेदन बार काढणाऱ्याकडे देऊ नये. गप्प राहिलेल्या धाकट्या सोबत्याकडे ते द्यावे, कारण त्याला सुटकेची वाट शेवटपर्यंत उघडी असते आणि प्रत्येक प्रकरणात तो ती पुन्हा नाकारतो.