अडकलेली घराची सबसिडी अशी सुटली

२०२१ मध्ये बदलापूरला वन-रूम-किचन घेतलं. प्रधानमंत्री आवास योजनेत सहा लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्यांना कर्जाच्या पहिल्या सहा लाखांवर ६.५ टक्के व्याज अनुदान होतं, म्हणजे जास्तीत जास्त २ लाख ६७ हजार. आमच्यासाठी ही रक्कम फार मोठी.

आठ महिने बँकेत एकच उत्तर: "वरून आलं नाही." शेवटी अर्ज क्रमांक टाकून पोर्टलवर पाहिलं, तर पाचपैकी दुसऱ्याच टप्प्यावर गाडी अडकलेली. म्हणजे बँकेनं दावा पुढे पाठवलाच नव्हता! कारण निघालं बायकोचं नाव. करारनाम्यात सासरचं, आधारवर माहेरचं. घरावर बाईचं नाव हवं ही अट चांगलीच आहे, पण लग्नानंतर कागद बदलायचे राहतात ते तिचेच, आणि हे आधी कुणी सांगत नाही याचा राग येतो.

विवाह नोंदणीचा दाखला देऊन आधार दुरुस्त केलं. मग शाखेत लेखी अर्ज दिला आणि पोच शिक्क्यासह घेतली. तोंडी विचारू नका. महिन्याभरात दावा पुढे सरकला.

पैसे हातात येत नाहीत, थेट कर्जखात्यात जमा होतात. हप्ता कमी झाला का, तेही तपासा.