पॅरामेट्रिक ईक्यूचा नॉब सुरांत वाचायला शिका

पॅरामेट्रिक ईक्यू म्हणजे आवाजातला हवा तो भाग निवडून कमी-जास्त करणारं साधन. नवा बेस गिटार वादक ते हाती आलं की पहिल्यांदा खर्ज वाढवतो. खोलीत एकट्याने वाजवताना ते भारी वाटतं, पण ढोलक आणि ऑक्टापॅड सुरू झाले की बेस कुठे आहे तेच कळत नाही. कारण साधं आहे. नॉबवरचा आकडा म्हणजे बेसवरचा नेमका कोणता सूर, हे अजून हाताला ठाऊक नसतं. आधी ते शिका, ईक्यूचं पेडल (पायाजवळ ठेवायची डबी) नंतर घ्या.

चार तारांच्या बेसवर मोकळी ई ४१ हर्ट्झ (सेकंदाला ४१ कंपनं), ए ५५, डी ७३ आणि जी ९८. बाराव्या फ्रेटला प्रत्येक आकडा दुप्पट होतो. एवढ्या माहितीवर स्वस्त पेडल तपासता येतं, कारण अशा पेडलवर छापलेले आकडे बरेचदा अंदाजे असतात. क्यू (किती रुंद पट्ट्यावर परिणाम होईल ते ठरवणारा नॉब) सर्वांत अरुंद करा, गेन (त्या पट्ट्याची पातळी) ८ डीबी वाढवा, ए तारेवर बारावा फ्रेट वाजवत राहा आणि फ्रिक्वेन्सी (त्या पट्ट्याची जागा) खालून वर सावकाश फिरवा. सूर जिथे पहिल्यांदा एकदम फुगेल तिथे ११० हर्ट्झ. त्या जागी पेन्सिलीने खूण करा. ए तारेच्या पाचव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता बोट हलकं टेकवून निघणारा सूर) २२० देतो. अशा चार-पाच खुणा झाल्या की पेडल भरवशाचं होतं.

घेताना क्यूचा नॉब आहे ना, हे आधी पाहा. फक्त फ्रिक्वेन्सी आणि गेन असेल तर ते सेमी-पॅरामेट्रिक. टोनला रंग द्यायला पुरतं, अरुंद दोष काढायला नाही. काही ठिकाणी क्यूऐवजी बँडविड्थ असते आणि ती उलट चालते: एक ऑक्टेव्ह (सप्तक) म्हणजे क्यू सुमारे १.४, दोन ऑक्टेव्ह म्हणजे ०.६७. संगणक असेल तर रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरचा रीईक्यू विंडोजवर मोफत मिळतो, त्यात बँडविड्थ ऑक्टेव्हमध्येच लिहिलेली असते. सराव त्यावर करा, पैसे वाचतील. पेडलसाठी नागपूरच्या सीताबर्डी बाजारातून साधा ९ व्होल्टचा अॅडॅप्टर आणणार असाल तर पिनची पोलॅरिटी पाहून घ्या. बहुतेक पेडलना मध्ये निगेटिव्ह लागतो आणि बाजारातल्या साध्या अॅडॅप्टरमध्ये बरेचदा मध्ये पॉझिटिव्ह असतो.

आता प्रत्यक्ष काम. अॅम्पचे टोन नॉब मध्यावर, ईक्यू सपाट (सगळे गेन शून्यावर), आणि गाणं पूर्ण बँडसोबत. काय खटकतं ते आधी कानाने ठरवा. न ठरवता नुसता फुगवलेला पट्टा फिरवत बसलात तर प्रत्येक जागा वाईटच वाटेल आणि तुम्ही चांगला टोन कापून टाकाल. आवाज गढूळ असेल तर २०० ते ३०० हर्ट्झमध्ये शोधा, डबा वाजल्यासारखा असेल तर ४०० ते ५०० मध्ये. जागा सापडली की क्यू १ ते २ करून ३ डीबी कमी करा. सूर ओळखू येत नसतील तर ७०० ते ९०० मध्ये २ डीबी वाढवा. फोनच्या छोट्या स्पीकरवर बेस ऐकू येतो तो याच भागामुळे. किक (मोठ्या ड्रमचा ठोका) ६० च्या आसपास दणकत असेल तर तिथे बेस २ डीबी उतरवा आणि १०० ला तेवढाच चढवा. आठ इंची स्पीकरवर ४० हर्ट्झ वाढवणं व्यर्थ आहे. कोन नुसता हलतो आणि आवाज फाटतो. ३० ते ३५ खालचं हाय-पासने (खालचे सूर अडवणाऱ्या फिल्टरने) काढा. ८२ वरचा दुसरा हार्मोनिक (मोकळ्या ईच्या दुप्पट कंपनांचा उपस्वर) नीट आला की कान खालची ई आपोआप भरून घेतो.

सर्वांत मोठी फसगत हमची, म्हणजे विजेमुळे येणाऱ्या गुणगुणीची. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून हम ५०, १०० आणि १५० वर येतो. ५० वर अरुंद खाच पाडावी असं कोणालाही वाटेल. पण ई तारेचा तिसरा फ्रेट, म्हणजे जी, ४९ हर्ट्झ आहे आणि मोकळी जी ९८. खाच पाडली की हमबरोबर जी पण जातो, आणि फक्त तोच सूर पोकळ का येतो ते नंतर उमगत नाही. हम मुळात थांबवा. सिंगल-कॉइल पिकअप (तारांचं कंपन टिपणारं एकाच वेटोळ्याचं चुंबक) कूलरच्या मोटरचं चुंबकीय क्षेत्र पकडतो. लांब बसा, अंग वळवून पाहा. दोन पिकअपच्या जॅझ प्रकारच्या बेसवर दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडा, बहुतेक बेसवर हम विरतो. अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका.

खोलीचाही एक सूर असतो. १२ फूट लांब खोली २० अंशांना सुमारे ४७ हर्ट्झवर घुमते. नागपूरच्या मे महिन्यात खोलीतली हवा ४० अंशांवर गेली की ध्वनीचा वेग वाढतो आणि तोच आकडा ४८.५ होतो, म्हणजे जवळजवळ जी. डिसेंबरात बसवलेलं सेटिंग उन्हाळ्यात एका सुरावर का घुमतं, त्यामागे हेही असू शकतं. घुमणारा सूर ईक्यूने उतरवता येतो. पण खोलीच्या मध्यभागी सूर गायब होत असेल तर तो वाढवून परत येत नाही, तिथे अॅम्प किंवा आपली बसायची जागा बदला.

लग्नाच्या लॉनवर भिंती नसतात, त्यामुळे खोलीसाठी केलेली खालची कपात तिथे बेसला पातळ करते. लॉन आणि हॉल यांची सेटिंग वेगळी ठेवा, दोन्हींचे फोटो फोनमध्ये असू द्या. आणि प्रत्येक वेळी ईक्यू चालू-बंद करून आवाजाची पातळी सारखी आहे ना ते पाहा, कारण थोडं मोठं झालेलं कानाला नेहमी चांगलंच वाटतं.