पावसाळ्याआधी जनावरांच्या कानातला बिल्ला तपासा: आपत्ती मदतीबाबत पशुपालकांना सल्ला

मृगाच्या आधी गोठ्याचे पत्रे आवळणे आणि घटसर्प व फऱ्या या रोगांच्या लसी टोचून घेणे ही कामे बहुतेक पशुपालक करतात. त्याच वेळी प्रत्येक जनावराच्या कानातला पिवळा बिल्लाही पाहून घ्यावा. कानात बिल्ला नसलेले जनावर नैसर्गिक आपत्तीत दगावल्यास भरपाई देय राहणार नाही, असे राज्य शासनाने 2024 मध्ये स्पष्ट केले आहे.

बिल्ला गव्हाणीला किंवा कुंपणाच्या तारेला अडकून तुटतो आणि ते कित्येक दिवस कोणाच्या ध्यानात येत नाही. असे झाले असल्यास पशुवैद्यकीय दवाखान्यातून नवा बिल्ला मारून घ्यावा आणि ऑनलाइन नोंदीत जनावर आपल्याच नावावर आहे का, हेही तिथेच विचारावे, कारण बाजारातून आणलेली गाय जुन्या मालकाच्या नावावरच राहिलेली असू शकते. बिल्ल्यावरचे बारा आकडे स्पष्ट वाचता येतील असा कानाचा एक आणि पूर्ण जनावराचा एक, असे दोन फोटो मोबाइलमध्ये ठेवून घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी पाठवावेत. आकडे वहीत लिहिले असतील तर ती वही गोठ्यात ठेवू नये; पुरात गोठ्याबरोबर तीही जाते.

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या 2022-23 ते 2025-26 या काळातील निकषांनुसार दुधाळ गाय किंवा म्हशीसाठी 37,500 रुपये, बैलासाठी 32,000, वासरासाठी 20,000, शेळी-मेंढीसाठी 4,000 आणि कोंबडीमागे 100 रुपये असे दर आहेत. पुढील वर्षांसाठी नवा शासन निर्णय असल्यास तोच धरावा. चांगली दुभती म्हैस या रकमेत येत नाही, हे उघड आहे. शिवाय मूळ निकषांत एका कुटुंबाला तीनच मोठ्या दुधाळ जनावरांची मदत मिळते, जी आठ-दहा गाई गमावणाऱ्यावर अन्यायच करते. सप्टेंबर 2025 च्या महापुरानंतर राज्याने ही मर्यादा त्या आपत्तीपुरती काढली. ती सवलत दर वर्षी मिळेल असे गृहीत धरू नये.

जनावर दगावल्यास त्याच दिवशी तलाठी आणि पशुधन विकास अधिकारी या दोघांनाही कळवावे. पंचनामा आणि शवविच्छेदन होण्यापूर्वी मृत जनावर पुरू नये, आणि नदी-ओढ्यात तर मुळीच टाकू नये. रस्ता बंद असल्यामुळे डॉक्टर पोहोचू शकत नसतील, तर त्यांना फोनवर विचारून पोलीस पाटील व शेजाऱ्यांसमक्ष बिल्ल्यासह फोटो काढावेत. वाहून गेलेल्या जनावरांचे बिल्ला क्रमांक पंचनाम्यात लिहिले गेले आहेत का, हे सही करण्यापूर्वी वाचून पाहावे. मृत्यू आपत्तीने झाला की रोगाने, हे शवविच्छेदनातून ठरत असल्यामुळे पूर ओसरल्यावर घटसर्पाने मेलेल्या जनावराला ही मदत मिळणे अवघड असते. लस वेळेवर घ्यायची ती यासाठीही.

रक्कम थेट बँक खात्यात जमा होते, म्हणून खाते आधारशी जोडलेले व चालू आहे ना, हे आताच पाहावे. नदीकाठच्या गोठ्यात मात्र सर्वांत आधी दाव्यांची गाठ बदलावी: रात्री पाणी शिरल्यावर घाईत, अंधारातही एका हिसक्यात सुटेल अशी सरकगाठ मारावी, कारण बांधलेले जनावर पोहता येत असूनही जागच्या जागी बुडते.